उतरणीचा कारभार

चढणाऱ्याचे कौतुक करावे आणि उतरणाऱ्याची साधी विचारपूसही करू नये, ही आपल्याकडची फार जुनी वहिवाट आहे. कडा चढून गेलेल्या वीरांचे पोवाडे झाले, शिखरावर निशाण रोवणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली, आणि मोटारींच्या जाहिरातींतही गाडी नेहमी डोंगर चढतानाच दाखविण्याचा प्रघात पडला. ती गाडी आणि तिच्यातले ते अकारण प्रसन्न कुटुंब संध्याकाळी त्या डोंगरावरून खाली कसे आले, याचा खुलासा आजवर एकाही कंपनीने केल्याचे ऐकिवात नाही. उभ्या महाराष्ट्रात केवळ उतरण्याबद्दल कीर्ती पावलेली व्यक्ती माझ्या माहितीत एकच, ती म्हणजे रायगडची हिरकणी. आणि तिच्याही बाबतीत, दंतकथा सांगते त्याप्रमाणे, दरबारी तिचा यथोचित गौरव झाला खरा, परंतु पाठोपाठ ज्या कड्यावरून ती उतरली तेथे बुरूज बांधून तो मार्ग कायमचा बंद करण्यात आला. उतरण्याच्या कलेला राजाश्रय मिळाला तो असा.

वस्तुतः चढण ही सभ्य गोष्ट आहे. ज्याच्या अंगात बळ नाही त्याला ती पहिल्याच वळणावर अडविते, त्याच्या रेडिएटरमधले पाणी उकळविते आणि त्याला मुकाट्याने घरी परत पाठविते. उतरणीचे तसे नाही. ती कोणाची लायकी तपासत नाही, कोणाला परवाना विचारत नाही. उलट ज्याला थांबता येत नाही त्यालाच ती अधिक तत्परतेने पुढे घेऊन जाते. दहा टन वजनाचा मालट्रक पाचशे मीटर उंचीचा घाट उतरून तळाशी येतो, तेव्हा त्या उंचीमुळे त्याच्या ठायी साठलेली शक्ती कोठेतरी खर्ची पडावीच लागते. निसर्गाच्या हिशेबात थकबाकी नावाचा प्रकार नाही. ही सारी रक्कम एकट्या ब्रेकांच्या नावे टाकली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात दीडशे लिटर थंड पाणी उकळून निघेल. एवढी उष्णता चार-सहा लोखंडी ड्रमांनी वीस-पंचवीस मिनिटांत निमूट सोसावी अशी आपली अपेक्षा असते. ते बिचारे पहिली काही वळणे सोसतातही. मग लायनरचा करपट वास सुटतो, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरकू लागतो, आणि पेडल पूर्वीइतकेच, किंबहुना पूर्वीपेक्षा खोल जात असता गाडी मात्र ‘तुमचे म्हणणे विचाराधीन आहे’ असे दर्शवीत पुढे चालू लागते.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारे साधन गाडीत पहिल्या दिवसापासून बसविलेले असते, आणि त्याचे नाव इंजिन. वरून हुकूम असेतोवर निमूट काम करणारा, परंतु हुकूम थांबताच समोर येणाऱ्या प्रत्येक कागदावर हरकत काढणारा जुना कारकून आपण कचेरीत पाहिला असेल. इंजिन हे नेमके त्याच खात्यातले. पेट्रोलच्या इंजिनात हवा आत येण्याच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मिटते. परंतु गाडी उताराला लागलेली असल्यामुळे चाके फिरतच राहतात, ती गिअरपेटीच्या द्वारे इंजिनालाही फिरवू लागतात, आणि आतले पिस्टन खाली येताना हवेची मागणी करतात, जी नामंजूर होते. त्या मिटल्या झडपेमागच्या पोकळीविरुद्ध प्रत्येक पिस्टनला ओढून न्यावे लागते. ही ओढाताण मिनिटाला हजारो वेळा चालते, आणि तिच्यात गाडीचा वेग झिजतो. गिअर जितका खालचा तितके इंजिन जास्त वेळा फिरणार, म्हणजे तितक्या हरकती अधिक. ज्या अडवणुकीबद्दल आपण जन्मभर कारकुनाला नावे ठेविली, ती योग्य जागी घडल्यास प्राण वाचविते, ही गोष्ट लक्षात घेऊन त्या वर्गाविषयीचे आपले मत थोडे सौम्य करावयास हरकत नाही.

जुन्या चालकांनी यावरून एक सुटसुटीत नियम बसविला होता: ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे. हा नियम होता तेव्हा उत्तम होता, कारण त्या काळच्या गाड्या घाट चढताना दुसऱ्या गिअरात येऊन विव्हळत असत. हल्लीच्या गाड्यांना इतके बळ आले आहे, आणि रस्तेही इतके रुंद झाले आहेत, की त्या चौथ्या गिअरात घाट चढून जातात; आणि आजोबांचा नियम प्रामाणिकपणे पाळणारा नातू चौथ्याच गिअरात खाली येऊ लागला म्हणजे नियमाचा अक्षरार्थ राहतो आणि लायनर जातात. आताच्या चालकाने आजोबांपेक्षा एक-दोन पायऱ्या खालीच राहावे हे बरे.

परंतु नियमाचा अर्थ लावण्याचा प्रश्न तरी ज्यांना नियम मान्य आहे त्यांच्यापुरताच उद्भवतो. आपल्याकडे याहून मोठा असा एक संप्रदाय आहे, आणि घाटमाथा आला की गाडी न्यूट्रल करणे हा त्याचा मुख्य विधी आहे. या संप्रदायाचे तत्त्वज्ञान मी कुंभार्ली घाटात, पाटणहून चिपळूणकडे निघालेल्या एका वडाप जीपमध्ये, अगदी शेजारून ऐकले. जीपमध्ये किती माणसे होती ते सांगण्यात अर्थ नाही, कारण काही जण आत होते की बाहेर याविषयी मतभेद होऊ शकेल. घाट लागला, चालकाने गिअरचा दांडा मध्यभागी आणून ठेवला, त्याला हलवून तो मोकळा असल्याची खात्री करून घेतली आणि समाधानाने काच खाली केली. इंजिनाचा आवाज बसला, वाऱ्याचा वाढला. माझ्या शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांना ते सहन होईना.

“काय रे, गाडी गिअरमध्ये आहे ना?”

“मास्तर, गाडी सवताच्या मनानं चाललीया. मग डिझेल कशापायी जाळायचं?”

“आणि तिच्या मनात न थांबायचं आलं तर?”

“बिरेक हाईत की!” असे म्हणून त्याने पुराव्यादाखल ब्रेक दाबून दाखविला, आणि मागच्या बाकावरील बाईंच्या मांडीवरची केळ्यांची पाटी मधल्या बाकावर दाखल झाली. मास्तरांनी केळी गोळा करण्याच्या निमित्ताने डोके खाली घातले ते चिपळूण येईपर्यंत वर काढले नाही.

या तत्त्वज्ञानातील खरी गंमत अशी की त्याचा हिशेबच चुकलेला आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या समजुतीला थोडाफार आधार होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु आताचे संगणकावर चालणारे इंजिन, गाडी गिअरमध्ये असता उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की, इंधनाचा पुरवठा पूर्णपणे बंद करते. चाकेच त्याला फिरवीत असल्यामुळे ते फुकट फिरते. उलट गाडी न्यूट्रल केली की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालत राहणे भाग पडते आणि त्यासाठी ते इंधन मागते. म्हणजे डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणारा मनुष्य डिझेल जाळून ब्रेक झिजवीत असतो. काही पुढारलेले साधक याच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. तेव्हा ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंगला साह्य करणारी शक्ती नाहीशी होते, आणि मोठ्या ट्रकात ब्रेकसाठी हवा भरणारा पंपही थांबतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर अशा न्यूट्रल वाहनांनी जे घडविले, त्याच्या बातम्या पुणेकरांनी इतक्या वेळा वाचल्या आहेत की तेथे विनोद थांबविणेच योग्य.

कायद्याचेही लक्ष चढणाऱ्याकडेच अधिक राहिले आहे. १९८९ च्या रहदारीच्या नियमांत, अरुंद अशा डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्यास आधी वाट द्यावी, असे स्पष्ट फर्मान होते. ते न्याय्यच होते. फक्त त्यात उतरणाऱ्याला थांबता येते असे गृहीत धरलेले होते.

या बाबतीत रेल्वेचे खाते पहिल्यापासून अधिक संशयी, आणि म्हणून अधिक शहाणे. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला, तेव्हा त्याचा चढ सदतिसास एक, म्हणजे आगगाडीच्या मानाने छाती दडपून टाकणारा होता; आणि इंग्रज अभियंत्यांनी तेथे अशी योजना केली की उतरणाऱ्या गाडीसाठी मुख्य मार्गाचा सांधा मुळातच चुकीच्या बाजूस, म्हणजे डोंगरात वर चढणाऱ्या एका आडमार्गाकडे वळवून ठेवावा, गाडीने तेथे येऊन थांबावे, आपण शुद्धीवर आहो हे शिटी वाजवून जाहीर करावे, आणि मगच तिला खालची वाट मोकळी करून द्यावी. जी थांबली नाही ती आपोआप त्या आडमार्गावर चढून गर्वहरण झालेल्या स्थितीत उभी राही. मनुष्याच्या आश्वासनावर विसंबण्यापेक्षा हे किती तरी बरे! पुढे १९२९ च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिने आली, आणि त्यांनी तर कमाल केली. घाट उतरताना ती आपल्या मोटारींकडून वीज निर्माण करून घेऊन ती वरच्या तारेत परत घालू लागली. आज विजेच्या मोटारीची जाहिरात करणारे लोक जे आश्चर्य म्हणून सांगतात, ते कर्जतच्या वड्यांचा वास घेत आपल्या आजोबांनी डब्यात बसून अनुभवले होते. फक्त त्यांना कोणी ते सांगितले नाही.

डिझेलच्या इंजिनाची अडचण निराळीच होती. त्यात हवेच्या वाटेवर पेट्रोलच्या इंजिनासारखी झडप नसते, त्यामुळे हवा हवी तेवढी येते आणि हरकत काढण्यास जागा उरत नाही. बरे, दाबलेली हवा पिस्टनला खाली ढकलताना घेतलेले श्रम परतही करून टाकते. ज्याच्या नावाने आज जगभर इंजिने चालतात त्या क्लेसी कमिन्स या अमेरिकन गृहस्थाला हा धडा १९३१ साली कॅलिफोर्नियातील कॅजॉन खिंडीत मिळाला. आपले डिझेल इंजिन किती समर्थ आहे हे सिद्ध करण्यासाठी तो ट्रक घेऊन अमेरिका आडवी ओलांडीत होता. चढण्याच्या सर्व परीक्षांत ट्रक उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला, आणि खिंड उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. खाली लोहमार्ग रस्त्यास छेदून जात होता, आणि त्यावरून त्याच घटकेस एक मालगाडी सावकाश चालली होती. तिचा शेवटचा डबा सरकला आणि ट्रक त्याच्या मागून थोडक्यात निसटला. सामान्य मनुष्याने यावर देवाला नारळ फोडला असता. कमिन्सने ही गोष्ट मनात वर्षानुवर्षे बाळगली आणि उतारवयात एक युक्ती काढली. हवा पुरती दाबून झाली, की नेमक्या त्या क्षणी बाहेर जाण्याची झडप उघडून ती सोडून द्यावयाची, म्हणजे पिस्टनचे श्रम फुकट जातात आणि गाडीची गती त्यात जिरते. श्रम फुकट जावेत म्हणून केलेला हा बहुधा जगातील सर्वांत उपयुक्त शोध असावा. १९६१ पासून जेकब्स नावाच्या कंपनीने तो विक्रीस आणला. त्याचा धडधडाट मात्र असा की अमेरिकेतील अनेक गावांनी वेशीवर ‘इंजिन ब्रेक वापरू नये’ अशा पाट्या लावल्या. प्राण वाचले तरी झोपमोड होता कामा नये, ही वृत्ती केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

आता ज्या वाहनासाठी ही सारी प्रस्तावना केली ते, म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी भाड्याने मिळणारे, फुगीर टायरांचे, मोटारसायकलीचे हँडल आणि ट्रॅक्टरचा अहंकार घेऊन जन्मलेले चारचाकी, ज्याला सर्व जग एटीव्ही म्हणते. हे प्रथम १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत तीन चाकांवर आणले, कारण हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसल्यामुळे दुकानदारांना बर्फातही विकता येईल असे काही तरी हवे होते. पुढच्याच वर्षी ते जेम्स बाँडच्या चित्रपटात धावले आणि त्याची प्रतिष्ठा वाढली. तीन चाकांवर माणसे फार कलंडतात हे ध्यानी येऊन १९८८ साली अमेरिकेत त्याची नवी विक्री थांबली, तोवर चौथे चाक येऊन पोचले होते. न्यूझीलंडमधला मेंढपाळ आज डोंगरउतारावर कळपामागे याच वाहनावरून हिंडतो. आपल्याकडे मात्र ते बहुधा सपाट पठारावर, घोडेवाल्याच्या शेजारी, पाच मिनिटांच्या फेरीसाठी उभे असते. आणि ते तेथेच आहे हे एका परीने आपले भाग्य होय.

कारण यातील पुष्कळ गाड्यांत गिअरऐवजी दोन कप्प्यांमधून फिरणारा रबरी पट्टा असतो. इंजिनाकडच्या कप्पीच्या दोन तबकड्या वेग वाढला की आतील वजनांच्या फेकीने जवळ येतात, पट्टा चिमटीत धरून वर चढवितात, आणि मागची कप्पी स्प्रिंगच्या विरोधाला न जुमानता त्या मानाने उघडते. गिअर बदलण्याची मेहनत नाही, क्लचची कटकट नाही. मोटारीत हा पट्टा लोकप्रिय केला तो हॉलंडच्या डाफ कंपनीने, १९५८ साली दाखविलेल्या एका छोट्या गाडीत. हॉलंडच्या युरोपातील भूमीवरचा सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून अवघा ३२२ मीटर आहे, म्हणजे पुण्याच्या मंडईत भाजी घेणारा इसम त्यांच्या सर्वोच्च शिखराहून दोनशे मीटर वर उभा असतो. याची जाणीव पुणेकरास उपजतच असते, ही गोष्ट वेगळी. अशा देशात मान्यता पावलेली पट्ट्याची ही तजवीज आता डोंगरकड्यावर नेमणुकीस आली.

तेथे काय होते पाहा. चालक माथ्यावर येतो, खाली पाहून घाबरतो आणि स्वाभाविकपणे ॲक्सिलरेटरचा खटका सोडतो. इंजिनाचा वेग उतरतो. एका मर्यादेखाली गेला की वजनांची फेक संपते, तबकड्या एकमेकींपासून दूर होतात आणि पट्टा सैल पडतो. इंजिन आणि चाके यांचा संबंध तेथेच संपला. म्हणजे कुंभार्लीचा चालक जे तत्त्वज्ञान म्हणून करीत होता ते ही गाडी घाबरलेल्या माणसाच्या वतीने स्वतःच करून टाकते. खटका किंचित दाबला तर पट्टा पुन्हा धरला जातो आणि अडवणूक सुरू होते. परंतु कडा उतरत असता वेग कमी होण्यासाठी वेग वाढविण्याचा खटका दाबावा, हे भयभीत मनुष्यास पटवून देणे कठीण आहे. पुण्याच्या कायनेटिक होंडाने १९८४ साली हीच पट्ट्याची जात स्कूटरमधून आपल्या दारी आणली, आणि आजही गिअर नसलेल्या स्कूटरवर सिंहगड हळूहळू उतरणाऱ्यास, विशिष्ट वेगाखाली मागचा क्लच सुटून गाडी मोकळी झाल्याचा अनुभव येतो; फक्त तो त्याचे श्रेय सिंहगडच्या वाऱ्यास देतो.

कंपन्यांना हे कळले नाही असे नाही. काहींनी पुढच्या कप्पीत एकाच दिशेने मोकळे फिरणारे बेअरिंग बसविले. इंजिन पट्ट्याला फिरवू लागले की ते गप्प, परंतु चाकांमुळे पट्टा इंजिनाहून पुढे पळू लागला की ते घट्ट पकडून घेते आणि इंजिनाला पुन्हा हरकतीच्या कामाला लावते. मग आणखी एक भानगड उघडकीस आली. कित्येक गाड्यांत पुढच्या चाकांना शक्ती फक्त गरजेपुरती, मागची चाके घसरू लागली की मिळते. उतारावर ती चाके मोकळीच राहतात आणि इंजिनाची सारी ओढ मागच्या दोन चाकांवर येते. उतारावर वजन मात्र पुढे सरकलेले असते. म्हणजे ज्या चाकांवर भार नाही त्यांनी थांबवावे, आणि ज्यांच्यावर सारा भार आहे त्यांनी नुसते फिरावे, अशी कामाची वाटणी. सरकारी खात्यांचा अनुभव असणाऱ्यास ती नवीन वाटणार नाही. हलकी झालेली मागची चाके मग मुरमावर घसरून गाडी आडवी करू पाहतात. यावर उपाय म्हणून उतरताना पुढच्या चाकांनाही इंजिनाशी जोडणारी व्यवस्था निघाली. होंडाने बराच काळ दातेरी गिअरांशीच इमान राखले, आणि उतारावर ते इमान कामी येते.

एवढे झाल्यावर चालकासाठी उरलेली कर्तव्ये थोडीच: गाडी माथ्यावर उभी असतानाच ‘लो’ गिअरात घालावी, उतारावर गेल्यावर नव्हे, अंग मागे टाकून बसावे, सरळ खाली यावे, आडवे वळू नये, पुढचा ब्रेक दातओठ खाऊन आवळू नये.

तेव्हा पुढल्या उन्हाळ्यात मुलाबाळांसह एखाद्या पठारावर गेलात आणि असे वाहन भाड्याने घेण्याची बुद्धी झाली, तर पैसे देण्यापूर्वी मालकास एवढेच विचारा, की यात इंजिनाचा ब्रेक लागतो काय. “साहेब, ब्रेक तर चारी चाकांना आहेत,” असे उत्तर आले, तर सपाटीवरच दोन फेऱ्या माराव्या, मुलांना भुट्टा घेऊन द्यावा, आणि दरीच्या बाजूचा तो सुंदर उतार पायी उतरावा.